अकरा जानेवारीला हरीश कुठे गेला?

"तुम्ही अकरा जानेवारीला हॅम्बर्ग सोडून गेलात," हेर, म्हणजे श्रीयुत, ल्यूर्स म्हणाले.

हरीश खांबेटे त्यांच्यासमोर हातभर अंतरावर, ओला रेनकोट मांडीवर घेऊन बसला होता. निवास परवान्याचं कार्ड अजून का आलं नाही, एवढंच विचारायला तो त्या कचेरीत आला होता. मार्च महिना चालू होता. ऑक्टोबरपासून तो आणि ऊर्मिला हॅम्बर्गमध्ये राहत होते.

"सॉरी?" तो म्हणाला. वीस वर्षं इंग्लंडमध्ये काढल्यावर आणि ब्रिटिश पासपोर्ट घेतल्यावर माणूस कुठल्याही संकटाला आधी सॉरी म्हणतो. "कुठे गेलो?"

हेर ल्यूर्सनी स्क्रीनवर खालीवर नजर फिरवली. "अज्ञात ठिकाणी."

"पण मी इथे आहे. तुमच्यासमोर."

"जा, जा. ते मला दिसतंय."

जर्मन माणूस 'हो' म्हणतानाही 'जा' म्हणतो, हे हरीशला सहा महिन्यांत कळलं होतं. पण आज तो शब्द त्याला सरळ मराठीतच ऐकू आला.

हेर ल्यूर्स पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ होते. सावकाश, नीटस इंग्रजीत त्यांनी खुलासा केला. कार्डासाठी बोलावणारं पत्र हरीशच्या नावाने डिसेंबरात पाठवलं होतं. पत्त्यावर या नावाची व्यक्ती नाही, असा शेरा मारून पोस्टमनने ते परत आणलं. दुसरं पाठवलं, तेही परत आलं. मग तुम्ही या पत्त्यावर राहता का, अशी चौकशी करणारं तिसरं पत्र पाठवलं.

"तेही परत आलं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेर ल्यूर्स समाधानाने म्हणाले. "म्हणजे उत्तर मिळालं. म्हणून तुमची नोंद काढून टाकली आणि अर्ज बंद केला."

"आणि माझी बायको?"

"त्यांना कोणी पत्रच पाठवलं नव्हतं. त्यामुळे त्या आहेत." त्यांनी चष्मा काढला आणि आवाज थोडा खाली आणला. "तुम्ही एकटेच गेलात."

हरीशने खिडकीबाहेर पाहिलं. हे सगळं इतकं व्यवस्थित, इतक्या तारीखवार सांगितलं गेलं होतं की क्षणभर त्याला खरंच वाटून गेलं, आपण गेलो असू. कुठे गेलो असू बरं? कोकणात कुठेतरी असेल तर बरं.

घोळाचं मूळ त्याला घरी परतताना उमगलं. इंग्लंडमध्ये रेडिंगला त्यांच्या घराला सतरा नंबर होता. पोस्टमन सतरा नंबरच्या दाराच्या फटीतून पत्र आत सरकवायचा. आत खांबेटे राहतात की आणखी कोणी, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हॅम्बर्गमध्ये इमारतीला नंबर होता, पण आतल्या घरांना नव्हते. खाली दाराशी पत्रांच्या आठ पेट्या होत्या आणि पेट्यांवर फक्त नावं. त्यांच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं, ब्रांटचं, नाव तसंच होतं.

पहिल्याच आठवड्यात ऊर्मिलाने विचारलं होतं, "आपलं नाव लावायचं का रे तिथे?"

"कशाला? इंग्लंडमध्ये नावाची पाटी फक्त डेंटिस्ट लावतात."

पुढे पाच महिने पेटीत एकही पत्र आलं नाही, तेव्हा हरीश भारावूनच गेला. रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्यापाशी थांबणारी माणसं, चार रंगांचे कचऱ्याचे डबे, एकाच मुठीने दोन वेगवेगळ्या दिशांनी उघडणारी खिडकी, या सगळ्यांनी तो आधीच दिपला होता. त्यात ही टपालाची शांतता. "काय देश आहे बघ," तो रोज पेटी बंद करताना म्हणायचा. "उगीच कोणी कोणाला त्रास देत नाही."

आता शुक्रवारी दुपारी बारापर्यंत त्याने सिद्ध करायचं होतं की तो ऑक्टोबरपासून इथेच, सलग, राहतो आहे. तसा पुरावा आणला तर बंद केलेला अर्ज पुन्हा उघडता येणार होता. नाही आणला, तर त्याला जर्मनीत राहायचा हक्क उरणार नव्हता, विमानांच्या सुट्या भागांच्या कंपनीतली नोकरी जाणार होती, आणि त्याच्या अर्जाला जोडलेला ऊर्मिलाचा अर्जही जाणार होता. रेडिंगचं घर तर त्यांनी विकून टाकलं होतं.

"म्हणजे कागदोपत्री तू मला टाकून गेलास," ऊर्मिला म्हणाली.

"तू हसू नकोस."

"मी हसत नाहीये. मला न सांगता गेलास, त्याचं वाईट वाटतंय." आणि मग ती हसली.

हसणं गुरुवारपर्यंत टिकलं नाही. बुधवारी हरीशच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी त्याला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून दार लावलं आणि विचारलं, की तुमच्या करविषयक नोंदीत काही कौटुंबिक बदल दिसतोय, तुम्हाला कोणाशी बोलायची गरज वाटते का. कंपनी अशा वेळी समुपदेशक देते. हरीश घाईघाईने "नो, नो, वी आर व्हेरी हॅपी," म्हणाला. ते दाराबाहेरून जाणाऱ्या वेदांगने ऐकलं. वेदांग पुण्याचा, नव्यानेच लागलेला. दुपारी त्याने हरीशच्या टेबलावर न विचारता कॉफी आणून ठेवली.

"दादा, होतं असं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या मावसभावाचंही झालं होतं."

त्याच संध्याकाळी ऊर्मिलाने बहिणीला फोनवर सगळी गंमत सांगितली. फोन मध्येमध्ये तुटत होता. बहिणीने जेवढं ऐकू आलं तेवढं सांगलीला आईच्या कानावर घातलं. तासाभरात सुधाताईंचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी त्यांचं अर्धं कपाळ दिसलं, मग पूर्ण चेहरा.

"ऊर्मिला, हरीशराव कुठे गेले?"

"अगं आई, तो इथेच आहे. हा बघ."

हरीशने कॅमेऱ्यात तोंड घातलं. "आई, नमस्कार. मी इथेच आहे."

सुधाताईंनी त्याला नीट न्याहाळलं. "आता आहात, ते दिसतंय. पण जानेवारीत कुठे होतात?"

"इथेच होतो!"

"मग सरकार खोटं बोलतं का? आणि तेही जर्मनीचं?"

खरं सांगायचं तर हाच प्रश्न त्यालाही दोन दिवस पडला होता.

पुरावा शोधणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. घरमालक हिवाळाभर स्पेनला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. विजेची जोडणी त्याच्याच नावावर होती. भाडं पहिले सहा महिने कंपनी परस्पर भरत होती. दुकानाच्या पावत्यांवर नाव नव्हतं. रेल्वेचा पास होता, पण त्यावरून हरीश प्रवास करतो एवढंच सिद्ध होत होतं. घरात राहण्याच्या अगदी उलट. गॅलरीत उभं राहून काढलेले फोटो त्याने हेर ल्यूर्सना ईमेलने पाठवले. विनम्र उत्तर आलं, की गॅलरी छान आहे, परंतु ती कोणाचीही असू शकते.

"साक्षीदार चालेल म्हणालेत," गुरुवारी सकाळी ऊर्मिला म्हणाली. "त्याच इमारतीत राहणारा, आपल्याला रोज बघणारा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रोज बघणारी इमारतीत एकच व्यक्ती होती.

तळमजल्यावरच्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, पेटरसन ऐंशीच्या घरात होत्या. उंच, काठीसारख्या सरळ. जिन्याच्या भिंतीवर टेपने चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून त्यांच्याशी खांबेट्यांचा सगळा पत्रव्यवहार होता. 'दुपारी एक ते तीन शांतता असते.' 'रविवारी भिंतीला भोक पाडू नये.' 'पिझ्झाचा खोका कागदाच्या निळ्या डब्यात जात नाही, तेल लागलेलं असतं.' चिठ्ठीत नाव नसायचं, पण प्रत्येक वेळी भोक, खोका आणि आवाज खांबेट्यांचाच असायचा. ऊर्मिला त्यांच्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायची.

"ती कशाला साक्ष देईल?" हरीश म्हणाला. "उलट म्हणेल, गेला ते बरं झालं."

"मग तू सांग दुसरं कोण ते."

ऊर्मिलाने डब्यात शंकरपाळे भरले. दाराशी जाऊन बेल वाजवली तेव्हा दुपारचे तीन वाजून एक मिनिट झालं होतं. त्याआधी वाजवायची तिची छाती झाली नाही.

फ्राऊ पेटरसननी दार उघडलं, डबा पाहिला, दोघांना पाहिलं. बंदरातल्या जहाज कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काम केलेलं असल्यामुळे त्यांचं इंग्रजी हरीशपेक्षाही जुन्या वळणाचं होतं. त्यांनी सगळी हकिगत उभ्यानेच, एकदाही न तोडता ऐकली.

"अकरा जानेवारी म्हणालात?"

"हो."

"मोमेंट." त्या आत गेल्या आणि निळ्या कापडी बांधणीची जाडजूड वही घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी पानं उलटली आणि वाचायला सुरुवात केली.

"अकरा जानेवारी. सात बेचाळीस. तिसरा मजला, पुरुष, बाहेर पडला. पाऊस. टोपी नाही. सात चव्वेचाळीस, परत आला. टोपी घेतली. सात पंचेचाळीस, बाहेर पडला. सात सत्तेचाळीस, परत आला. छत्री घेतली. सात पन्नास, गेला. दार आपटलं."

हरीशने विचारलं, "हे... हे रोजचं आहे?"

"अर्थात रोजचं. मी बंदरात जहाजांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायचे. एक दिवस गाळला तर वहीला काय अर्थ?"

ऊर्मिलाने वाकून पाहिलं. ओळीमागून ओळी, सुबक, तिरप्या अक्षरात. तारखा, वेळा, मजले. ऑक्टोबरमधला त्यांचा पहिला दिवसही होता: 'तिसरा मजला. नवीन माणसं. चौदा खोके. एक खोका जिन्यावरून पडला. पुरुष खोक्याची माफी मागतो.' खाली रोज दुपारच्या वेळेसमोर बारीकशा तीन खुणा होत्या.

"या खुणा कसल्या?" तिने विचारलं.

"तेच मला तुम्हाला विचारायचं होतं," फ्राऊ पेटरसन म्हणाल्या. "तुम्ही वर छोटं वाफेचं इंजिन ठेवलं आहे का?"

शुक्रवारी साडेदहाला तिघंही हेर ल्यूर्सच्या समोर होते. फ्राऊ पेटरसननी राखाडी हॅट घातली होती आणि वही ब्राऊन पेपरमध्ये गुंडाळून आणली होती. हेर ल्यूर्सनी ऑक्टोबरचं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून घेतली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जो हरीशने यापूर्वी फक्त कळसाकडे बघणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"आल्झो, तर मग," ते अखेर म्हणाले. "हे उत्तम आहे. फारच उत्तम आहे. परंतु डेटा संरक्षणाच्या दृष्टीने..."

"यात एकही नाव नाही," फ्राऊ पेटरसन म्हणाल्या. "फक्त मजले आहेत."

हेर ल्यूर्सचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मग अडचण आहे. तिसऱ्या मजल्यावर कोणी पुरुष राहतो, हे सिद्ध झालं. तो पुरुष हेर खांबेटेच आहेत, हे कशावरून?"

ऊर्मिलाने हरीशकडे पाहिलं. सगळा देश फिरून पुन्हा सुरुवातीच्याच दारात आल्यासारखं झालं होतं.

"पुढे वाचा," फ्राऊ पेटरसन म्हणाल्या. "सतरा डिसेंबर."

हेर ल्यूर्स वाचू लागले. "सहा वीस, संध्याकाळी. तिसरा मजला, पुरुष, खाली कचऱ्याच्या डब्याला धडकला. डब्याला 'सॉरी' म्हणाला. एकोणीस डिसेंबर. जिन्याच्या कठड्याला 'सॉरी' म्हणाला. दोन जानेवारी. बंद दाराला..."

हे ऐकून शरमलेला हरीश काहीतरी बोलायला म्हणून झटकन उभा राहिला. त्याच्या पायाचा धक्का लागून खुर्ची मागे कलंडली.

"ओह, सॉरी," तो खुर्चीला म्हणाला.

हेर ल्यूर्सनी खुर्चीकडे पाहिलं, हरीशकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडून शिक्का काढला. "ओळख पटली."

शिक्का मारण्याआधी मात्र त्यांनी वहीत बोट घातलं. "माझ्या माहितीसाठी विचारतो. वाफेचा हा आवाज रोज तीन वेळा होतो. चौदा नोव्हेंबरला सात वेळा कसा?"

"त्या दिवशी छोले होते," ऊर्मिला म्हणाली.

हेर ल्यूर्सनी गंभीरपणे मान हलवली. मग कळलं, की हरीश कधी गेलाच नव्हता, असं कॉम्प्युटरला सांगायची सोय नाही. कॉम्प्युटरला फक्त 'परत आला' एवढं समजतं. तेव्हा हरीशने अज्ञात ठिकाणाहून आपण सुखरूप परतल्याच्या कागदावर सही केली. अर्ज पुन्हा उघडला. कार्ड येईपर्यंत जवळ ठेवायला एक हिरवट कागद मिळाला. त्यावरचा लांबलचक जर्मन शब्द ऊर्मिलाने क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनच्या जोरावर फोड करून वाचला.

"अरे, याचा अर्थ 'काल्पनिक असल्याचा दाखला' असा होतो."

"असू दे," हरीश कागदाची जपून घडी घालत म्हणाला. "दाखला आहे ना?"

परतताना फ्राऊ पेटरसननी त्यांना बंदरातल्या फेरीबोटीने नेलं. पाऊस थांबला होता. समोरून एक मालवाहू जहाज येत होतं, दहा मजली इमारत पाण्यावरून सरकावी तसं, आणि त्याचा आवाज जवळजवळ येतच नव्हता. हरीश तोंड उघडं टाकून बघत राहिला. फ्राऊ पेटरसननी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, सवयीने.

"फ्राऊ पेटरसन," ऊर्मिलाने विचारलं, "नोकरी संपली, मग वही का ठेवता?"

जहाज पूर्ण निघून गेल्यावर त्या म्हणाल्या,

"दुसऱ्या मजल्यावर हेर योर्गेनसेन राहायचे. एकटे. रेडिओ मोठ्याने लावायचे. मी वर जाऊन भांडायचे. नऊ वर्षांपूर्वी एकदा रेडिओ बंद झाला. अकरा दिवस इमारतीत शांतता होती." त्यांनी हॅट थोडी खाली ओढली. "आणि मला फार बरं वाटलं. अकरा दिवस, फ्राऊ खांबेटे. मग पोलीस आले."

ऊर्मिला सरकून त्यांच्या जवळ उभी राहिली.

"तेव्हापासून लिहिते," त्या म्हणाल्या. "आवाज आला की लिहिते. नाही आला की वर जाते. तुमच्या इंजिनाचा आवाज फार बेशिस्त आहे. पण तो झाला की माझी दुपार नीट जाते."

हरीशला नुकत्याच ऐकलेल्या त्या सगळ्या नोंदी आठवल्या. टोपी, छत्री, दार आपटलं. पाच महिने कोणीतरी तो रोज घरी आल्याची खात्री करून घेत होतं, आणि तो मात्र त्यांची नजर चुकवून दारावरून जात होता. त्याला सॉरी म्हणावंसं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडातून तो शब्द निघाला नाही.

एप्रिलमध्ये फ्राऊ पेटरसनच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. इस्पितळ आणि मग व्यायामाचं केंद्र, मिळून पाच आठवडे. जायच्या आदल्या दिवशी त्या काठी टेकत तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि वही ऊर्मिलाच्या हातात दिली. सोबत दोन टोकदार पेन्सिली.

"मी?" ऊर्मिला म्हणाली.

"पत्रांच्या पेटीवर तुम्ही आता नाव लावलंत, त्यात तुमचं अक्षर मी पाहिलं आहे. चालेल. मराठीत लिहिलंत तरी हरकत नाही, वेळा जर्मन पाहिजेत."

"जर्मन वेळा म्हणजे?"

"अचूक."

सुरुवातीला ऊर्मिलाला ओशाळल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी तिने खिडकीशी खुर्ची सरकवली. दुसऱ्या आठवड्यात, चौथ्या मजल्यावरची विद्यार्थिनी दोन दिवस दिसली नाही म्हणून ती वर गेली. मुलगी तापाने पडली होती, तिला मुगाची खिचडी देऊन आली. तिसऱ्या आठवड्यात हरीश रविवारी स्टूल सरकवायला गेला, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "हरीश, लिहू का?" त्याने स्टूल उचलून, दोन्ही हातांनी, देवाची मूर्ती ठेवावी तसं खाली ठेवलं.

मग एका रात्री वही चाळताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. नऊ वर्षांच्या पानांवर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे मजले होते. तळमजला कुठेच नव्हता.

मे महिन्यातल्या एका सकाळी खाली टॅक्सी थांबली. हरीश खिडकीतून वाकला. फ्राऊ पेटरसन दोन काठ्यांवर, पण तशाच सरळ उभ्या होत्या आणि ड्रायव्हरला बॅग कशी धरावी ते समजावत होत्या. हरीश धावत खाली गेला. त्यांचा आवाज जिन्यातून वर येऊ लागला.

"ऊर्मिला, ये ना खाली! बॅग जड आहे!" हरीश ओरडला.

"थांब," ऊर्मिला म्हणाली. "आधी लिहू दे."

तिने घड्याळ पाहिलं, कोऱ्या पानावर पट्टीने रेघ ओढून 'तळमजला' असा नवा रकाना आखला, आणि त्याखाली पहिली ओळ लिहिली: 'दहा वीस. परत आल्या. दोन काठ्या. तब्येत उत्तम. आल्या आल्या म्हणाल्या, जिना नीट पुसलेला नाही.'